घराचे छप्पर थंड ठेवा, पण वजन वाढवू नका



धारूर तालुक्यातल्या एका श्रोत्याचे पत्र आमच्याकडे आले. ते लिहितात, "साहेब, जुने धाब्याचे घर गळत होते म्हणून माती काढून टाकली आणि त्याच भिंतींवर पत्रे टाकले. आता गळत नाही, पण उन्हाळ्यात घरात बसवत नाही. म्हातारी आई दिवसभर लिंबाखाली असते. ऊसतोडीहून आम्ही पाडव्याच्या सुमारास येतो, तेव्हा कुलूप काढले की घरातून भट्टीसारखी वाफ येते. पत्र्यावर एक वीत माती पसरली तर चालेल का?"

हा प्रश्न एका घरचा नाही. आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत वाडी-तांड्यावर आज पत्र्याची घरे दिसतात. म्हणून त्या पत्राचे उत्तर या पत्रकात सविस्तर देत आहोत. आधी थोडक्यात सांगतो : माती टाकू नका. उष्णता अडवायला जड वस्तू लागते हा समज चुकीचा आहे. हलक्या वस्तूंनी हे काम जास्त चांगले होते आणि जिवाला धोकाही राहत नाही.

पत्रा का तापतो?

भाकरी टाकण्याआधी आपण तव्यावर हात धरून पाहतो. हात तव्याला लागत नाही, तरी तळव्याला आच लागते. पत्र्याचे तसेच आहे. वैशाखाच्या उन्हात पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो. पत्रा पातळ, आणि लोखंडातून उष्णता झटकन पलीकडे जाते. मग वरचे ऊन खाली आच होऊन उतरते. म्हणून पत्र्याखाली बसल्यावर डोके तापते. पंखा लावला तरी बरे वाटत नाही, कारण पंखा हवा हलवतो, आच अडवत नाही.

सिमेंटच्या स्लॅबची तऱ्हा निराळी. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि ती उष्णता खाली पोचायला काही तास लागतात. म्हणून स्लॅबचे घर सकाळी बरे वाटते, पण संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तापलेले असते. पत्रा दिवसा छळतो, स्लॅब रात्री छळतो.

आणि आपले जुने धाबे, ज्याला कुणी माळवद म्हणतात? तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर हात-दीड हात पांढरी माती. दुपारचे ऊन एवढ्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होते, आणि तोवर वरची माती निवायलाही लागते. म्हणून ते घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असे. वाडवडिलांची अक्कल खरीच होती. मग माती का नको?

किल्लारीची आठवण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसे गाढ झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. उस्मानाबाद जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात. आपल्या अंबाजोगाई-केजकडच्या जाणत्या माणसांना ती पहाट आठवत असेल.

माणसे मेली ती बहुतेक घराखाली सापडून. भिंती मातीत रचलेल्या गोट्या-दगडांच्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नाही. आणि डोक्यावर मातीचा ढीग. भिंत फुटली की सगळे वजन खाली.

हे वजन किती असते याचा हिशोब करा. १० फूट बाय १२ फुटांची एक खोली धरा. तीवर एक फूट माती असेल, तर ती कोरडी असतानाच ५० क्विंटलच्या पुढे भरते. म्हणजे ज्वारीची एकेक क्विंटलची ५० पोती तुमच्या डोक्यावर! पावसात भिजली की त्याहून जास्त. पत्र लिहिणाऱ्या बंधूंची एक वीत माती घेतली, तरी ४० क्विंटल होते. एवढे ओझे पत्रा आणि त्याखालचा लोखंडी पाइप पेलणार नाही.

भूकंपानंतर धाब्याची भीती बसली आणि पुष्कळांनी हलके पत्रे पसंत केले. ते चूक नव्हते. पण वजनाबरोबर उष्णता अडवणारा थरही गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. ते आता आणायचे आहे.

उष्णता कशाने अडते?

उष्णता अडवते ती कोंडलेली, स्थिर हवा. गोधडी उबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते म्हणून. कडबा, गवत, पाचट, तरट, थर्मोकोल या सगळ्यांत हवाच कोंडलेली आहे. एक इंच थर्मोकोल उष्णता अडवण्यात तीन फुटांहून जाड काँक्रीटची बरोबरी करतो, यावरून काय ते समजा. कारखान्यावर पाचटाची जाड कोपी करून ज्यांनी थंडी काढली, त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. जे पाचट थंडी बाहेर ठेवते, तेच ऊनही बाहेर ठेवते.

मात्र हे थर कोरडे हवेत. ओल शिरली की हवेची जागा पाणी घेते आणि उष्णता सहज आत येते.

आता उपाय सांगतो. कमी खर्चाचा आधी.

पहिला उपाय : छप्पर पांढरे करा

काळे किंवा गंजलेले छप्पर ऊन पिते, पांढरे छप्पर ते परत फेकते. छप्पर पांढरे केल्याने खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडल्याचे ठिकठिकाणी दिसले आहे. गुजरातेत अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून गरिबांच्या वस्तीत छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. आपल्या शेजारच्या तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच ठरवले.

स्लॅब असेल तर चुना पुरतो. चांगला विरवलेला चुना गाळून घ्या. त्यात थोडा फेव्हिकोल किंवा सरस मिसळा. मीठ घालू नका, मिठाने स्लॅबमधली सळई गंजते. स्लॅब झाडून, धुऊन, ओला असतानाच संध्याकाळी पहिला हात द्या. दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा हात द्या. पावसाळ्यात हा चुना काही प्रमाणात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळी झाली की हे काम करायचे.

लोखंडी पत्र्याला मात्र चुना लावू नका. तो पत्र्यावर टिकत नाही, पोपडे धरतो आणि ओला चुना पत्र्यावरचा जस्ताचा लेप खातो. पत्र्याचा गंज ब्रशने घासून काढा, जस्ती पत्र्याला चालणारा प्रायमर लावा आणि मग छपरासाठी मिळणारा पांढरा रंग द्या. दुकानदाराला "बाहेरच्या पत्र्यासाठी" असे स्पष्ट सांगा. घरात वापरायचा रंग उन्हात टिकत नाही. त्या छपराचे पाणी साठवत असाल, तर पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या.

दुसरा उपाय : पत्र्याखाली छत बांधा

पत्र्याच्या घराला सर्वांत गुण येतो तो या उपायाने. पत्र्याच्या खाली नऊ इंच ते एक फूट जागा सोडून बांबूच्या कामट्यांचे तट्टे आडवे बांधा. तट्टे आपल्याकडे बुरूड बांधव विणून देतात. तट्ट्याला खालून शेण-मातीचा पातळ हात आणि वर चुना दिला की धूळ पडत नाही आणि खोलीत उजेडही वाढतो. तट्ट्यावर गोणपाटाचे दोन थर अंथरले तर आणखी चांगले.

पत्रा आणि छत यांमधल्या पोकळीत गरम हवा साठते. तिला वाट द्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत वर, आढ्याजवळ, फूटभर चौरस झरोका ठेवा आणि त्याला बारीक जाळी बसवा. जाळी नसेल तर उंदीर येतात, आणि उंदरामागे साप येतो. हे विसरू नका.

हातात पैसा नसेल, तर जुनी सुती लुगडी शिवून केलेले छतही निरुपयोगी नाही. डोक्यावरची आच त्यानेही अडते. फक्त बल्ब, दिवा आणि चूल यांपासून ते लांब असावे.

बाजारात चकचकीत चांदीसारखा कागद लावलेल्या गाद्या मिळतात. त्या घेतल्या तर एक गोष्ट लक्षात ठेवा. चकचकीत बाजूसमोर इंच-दोन इंच हवेची जागा हवी. पत्र्याला ती बाजू चिकटवून टाकली की निम्मा पैसा वाया गेला.

थर्मोकोल किंवा फोम स्वस्त दिसतो आणि ऊनही उत्तम अडवतो. पण तो पेटला तर विषारी धूर होतो. चूल, स्टोव्ह किंवा उघडी वायर असलेल्या खोलीत तो उघडा लावूच नये. लावायचा तर त्याखाली न पेटणारी सिमेंट-बोर्डाची किंवा जिप्समची फळी हवी.

तिसरा उपाय : छपरावर सावली

पत्र्यावर ऊन पडूच दिले नाही तर तो तापणार कसा? पत्र्याच्या वर अर्धा-एक फूट जागा सोडून बांबूचा मांडव करा आणि त्यावर पाचटाचा वीतभर थर बांधा. गेवराई-माजलगाव भागात पाचटाला तोटा नाही. जिथे ऊस नाही तिथे तुराट्या वापरा.

येथे शेतीच्या तीन गोष्टी सांगणे माझे काम आहे.

पऱ्हाट्या छपरावर रचू नका. वाळलेल्या, न उमललेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दबून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते.

कडबा छपरावर घालू नका. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे.

मृग लागण्याआधी पाचट उतरवा. ते शेतात आच्छादनाला टाका किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. छपराचे काम झाले की ते मातीचे काम करील.

पाचट थेट पत्र्यावर पसरू नका. हा अनुभव माझ्या घरचा आहे. आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर आम्ही एका वर्षी तुराट्या आणि पालापाचोळा तसाच पसरला. उन्हाळा सुखात गेला. पण काढायचा कंटाळा केला. पावसात तो सगळा कुजला, खाली पत्रा गंजून त्याला भोके पडली आणि उंदरांनी बिळे केली. वाचवले त्याच्या कितीतरी पट नवीन पत्र्याला गेले.

वाळलेले पाचट क्षणात पेट घेते. चुलीचा धुराडा, विजेची तार, लग्नाच्या वरातीतले फटाके यांचे भान ठेवा. स्वयंपाकाच्या खोलीवर पाचट नकोच.

स्लॅबवर असाच मांडव करून दोडका, घोसाळी किंवा भोपळ्याचा वेल चढवता येतो. भांडी धुतलेले पाणी त्याला पुरते. घराच्या पश्चिमेला लिंब किंवा शेवगा लावला तर दुपारनंतरचे ऊन भिंतीवर येत नाही.

ओली पोती छपरावर टाकण्याचा सल्ला कोणी देतात. त्याने गारवा येतो हे खरे. पण एप्रिल-मे महिन्यात जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हंडाभर पाणी छपरावर ओतणे परवडणारे नाही. शिवाय पत्रा गंजतो. आपल्या जिल्ह्यासाठी कोरडे उपायच बरे.

ज्यांचे धाबे अजून उभे आहे त्यांना

ते लगेच पाडा असे मी म्हणत नाही. पण दरवर्षी गळती थांबवायला नवीन मातीचा थर देण्याची सवय सोडा. वडिलांनी एक टोपली टाकली, मुलाने दोन टाकल्या, असे करत फुटाची माती दोन फुटांची होते. आधी जुना थर खरवडून काढा आणि मगच तेवढीच नवी माती घाला. पाणी जायला ढाळ द्या, पन्हाळी मोकळ्या ठेवा. भिंतीला पोट आले असेल, कोपऱ्यात उभी चीर गेली असेल किंवा तुळईचे टोक कुजले असेल, तर त्या खोलीत झोपू नका. पंचायत समितीच्या अभियंत्याला बोलावून दाखवा. भिंतीचे दोन्ही थर सांधणारे आरपार दगड बसवणे, खांब आणि तुळई यांना तिरपा आधार देणे, असे उपाय करता येतात. पण ते जाणकाराच्या देखरेखीखाली.

स्लॅबवाल्यांनीही जपायचे आहे. घराचा स्लॅब साधारणपणे एका चौरस मीटरला १५० किलो जादा वजन धरून केलेला असतो. चार इंच माती पसरली की तेवढे वजन होऊन जाते. मग वर माणसे चढायला, टाकी ठेवायला शिल्लक काय राहिले?

सिमेंटचे पत्रे असतील तर

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ते पत्रे घासू नका, कापू नका, त्यांना नवी भोके पाडू नका. वरून चुन्याचा हात द्यायला हरकत नाही. मात्र त्यावर पाय देऊन चढू नका, ते अचानक मोडतात. शिडीला फळी बांधून काम करा.

वाऱ्याची काळजी

वळवाचे वादळ आले की पत्रे उडतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी पत्र्यावर दगड ठेवतात. वादळात पत्रा उचलला की तोच दगड झोपलेल्या माणसावर पडतो. दगड उतरवा आणि पत्रे हुकबोल्टने पाइपाला आवळा. वॉशर फाटले असतील तर बदला. छताचे काम काढण्याआधी हे करून घ्या, कारण छत बांधल्यावर आतून हात पोचत नाही.

बियाणे आणि जनावरे

छप्पर फक्त माणसांसाठी नाही. घरचे सोयाबीनचे बी पत्र्याखाली तापत राहिले तर त्याची उगवणशक्ती कमी होते. मग पेरणीनंतर आपण पावसाला दोष देतो. बियाण्याची पोती छत असलेल्या खोलीत, जमिनीपासून उंच फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. थप्पी उंच लावू नका. पेरणीआधी १०० दाणे गोणपाटात उगवून पाहा. ७० उगवले तर बी पेरण्याजोगे समजा.

संकरित गाय आणि म्हैस उन्हाने कमी खाते आणि दूध आटवते. गोठ्याचा पत्रा पांढरा केला, वर पाचटाचा मांडव घातला आणि बाजू मोकळ्या ठेवल्या तर हा खर्च दुधातून निघतो.

सुरुवात कोठून करावी?

सगळे घर एकदम करायला जाऊ नका. एकच खोली घ्या. जिथे म्हातारी माणसे, तान्हे मूल किंवा गरोदर सून दुपारी आडवी होते, ती खोली. बाजारात भिंतीला टांगायचा साधा तापमापक मिळतो. तो खाटेच्या उंचीवर टांगा. काम करण्याआधी दोन दिवस दुपारी १२, ३ आणि रात्री ९ वाजता आकडे लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा दोन दिवस लिहा. बाहेरचे ऊन साधारण सारखे असेल असे दिवस धरा. फरक दिसला तर पुढची खोली करा.

कोणत्याही उपायाने घर महाबळेश्वर होणार नाही. आच अडेल, पण खोलीत कोंडलेली गरम हवा बाहेर जायला रात्री खिडक्या-दारे उघडी लागतील आणि दुपारी झाकावी लागतील.

लक्षात ठेवा

१. छपरावर माती, दगड, विटांचे वजन वाढवू नका.
२. स्लॅबला चुना, लोखंडी पत्र्याला पांढरा रंग.
३. पत्र्याखाली तट्ट्याचे छत, मध्ये फूटभर हवा, झरोक्याला जाळी.
४. पाचटाचा मांडव पत्र्यापासून वेगळा. मृगाआधी उतरवा.
५. पऱ्हाट्या नकोत, कडबा नको.
६. पेटणारी वस्तू चुलीपासून आणि वायरीपासून लांब.
७. आधी पत्रे आवळा, मग बाकीचे काम.

धारूरच्या बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे. ट्रॉलीभर माती आणायला जे भाडे द्याल, त्यात आईच्या खोलीपुरत्या तट्ट्यांची सोय होते का ते आधी बुरडाकडे विचारून या. ऊसतोडीला जाण्याआधी दिवाळीच्या सुमारास हे काम उरकून ठेवले, तर पाडव्याला कुलूप काढताना भट्टीची वाफ अंगावर येणार नाही, आणि आईलाही लिंबाखालून घरात येता येईल.

तुमच्या गावात छपरासाठी आणखी कोणता हलका, स्वस्त उपाय करतात, तो आम्हाला पत्राने जरूर कळवा. बाकीच्या श्रोत्यांना त्याचा उपयोग होईल.